धक्क्यावरून, खडपावरून गरवताना : पाणी, आमिष आणि मोठी खजुरी

मुचकुंदी

मंडळी, नमस्कार. माझं गाव पूर्णगडच्या जवळ, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथून चालत वीस मिनिटांवर. अठरा वर्षं पुण्यात काढून गेल्या वर्षी घरी परतलो. बाबा गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचे ते हातगरीने. करवंटीला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनची दोरी), शिशाचा गोळा आणि एक गरी (गळ), एवढंच सामान. माझ्याकडे आता नऊ फुटी काठी आणि चांगलं रीळ आहे, पण बाबांना जे पाणी कळायचं ते मला कळत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली साधी. पाऊस सरलाय, पाणी निवळायला लागलंय. आता थंडी संपेपर्यंत खाडीच्या तोंडावर आणि खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, कधी जावं, कोणतं आमिष लावावं?

दुसरी गोष्ट मे महिन्यापासून मनात आहे. महिन्याच्या शेवटी, पावसाचे पहिले ढग जमले होते तेव्हा, ओहोटीच्या पाण्यात मला मोठी खजुरी लागली. तीन फुटांना थोडी कमी, वजन आठ किलो. वीस मिनिटं झुंज चालली. तुकडे वाड्यात वाटले, सगळ्यांनी कौतुक केलं. पण आईने मासा कापला तेव्हा पोटात दोन्ही बाजूंनी गाबोळी (अंडी) भरलेली होती, बोटभर जागा शिल्लक नव्हती. आई म्हणाली, "आणखी पंधरा दिवस राहिली असती तर सगळी खाडीत सोडली असती." तेव्हापासून त्या जागी गरी टाकली नाही. असा मासा लागला तर तुम्ही काय करता? सोडता का? सोडलेला मासा जगतो का?

तंगूस

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं जमेल तेवढं सांगतो. मी तीस वर्षं गरवतोय, बहुतेक भाट्ये ते आंबोळगड या पट्ट्यात.

आधी तिथी बघा. मोबाईलमध्ये भरतीचे तक्ते मिळतात, पण जुना हिशोब डोक्यात असला की बरं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी पूर्ण ओसरतं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, गावागावाला थोडा फरक पडतो. खाडीत जितके आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं, म्हणून तोंडावरची वेळ आतल्या धक्क्याला लावू नका. अजून एक, सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच येतं असं नाही, ते एक-दोन दिवस मागाहून येतं. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम निम्मं. म्हणून अलिबागच्या माणसाने सांगितलेली जागा वेंगुर्ल्यात तशीच चालेल असं धरू नये.

मासा खातो ते पाणी चालत असताना. पाणी थबकलं की तुम्ही काहीही लावा, नुसतं बसावं लागतं. खाडीच्या तोंडावर भरती वळल्यावरचे पहिले दोन-अडीच तास सोन्याचे. कांदळवनात, खाजणात (भरतीचं पाणी शिरतं त्या जमिनीत) चरायला गेलेली कोळंबी आणि बोयटं ही मासळी पाण्याबरोबर बाहेर यायला लागतात, आणि खजुरी, तांबोशी, रावस त्यांची वाट बघत कडेला उभी असतात. जिथे वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी यांची रेघ दिसते, फेस आणि पालापाचोळा एका ओळीत सरकतो, ती रेघ हेरा. गरी त्या रेघेच्या थांबलेल्या बाजूला पडली पाहिजे. मोठा मासा प्रवाहात उभा राहून स्वतःला दमवत नाही, तो आडोशाला थांबतो.

खडपावर उलट. तिथे चढत्या पाण्यात जा. कोरड्या घळीत पाणी शिरतं, खेकडे बाहेर निघतात, शिंपले उघडतात, आणि पालू, गोबरा, करकरा वर सरकतात. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मुडदुशी या माशासाठी पहाटेची भरती आणि मतलई वारा. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो तेव्हा किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं होतं. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की घरी या.

आमिषाचं असं. जिवंत कोळंबीला तोड नाही. डोक्यावरच्या काट्याच्या जरा मागे, काळा ठिपका दिसतो तो चुकवून गरी घाला, म्हणजे ती अर्धा तास पोहत राहते. खजुरीसाठी वीतभर बोयटं, पाठीच्या परापाशी गरी. खडपावर म्हाकुलाची पट्टी, कारण ती चिवट असते आणि बारीक माशांनी टोचली तरी सुटत नाही. मुडदुशीला कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि बारीक गरी, याहून मोठं लावलं तर तोंडात मावतच नाही. खजुरीच्या गालावरची पाती सुरीसारखी असते, म्हणून गरीच्या वर हातभर तरी जाड तंगूस बांधा, चाळीस-पन्नास पाउंडाचं.

दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प राहतो. मी आजवर एकही मोठी खजुरी सोडलेली नाही.

देवबागचो

मी देवबागचो. आमच्या हय एका बाजूक कर्ली नदी आनि दुसऱ्या बाजूक दर्या. आजो रापणीत, म्हंजे किनाऱ्यार जाळा ओढूच्या कामात, होतो, बापूस होतो, मी पन सोळा वर्सांचो असल्यापासून होडयेर जातंय.

खरा सांगतंय, मासो धरून, फोटो काडून सोडूचो ह्या माका पटणा नाय. भायरसून येतत, महागडे काठये घेवन संगमार उभे रवतत, एकेक मासो अर्धो अर्धो तास खेळवतत आनि मगे पाण्यात टाकतत. मासो उलटो होवन व्हावत जाता ता मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. मासो खावक आसता, खेळूक नाय. घराक लागता तेवडो धरूचो आनि काठी गुंडाळून घराक जावचा. उरलेल्याक गरीच लावची नाय.

आनि मुचकुंदीचे दादा, तुमी वायट वाटून घेव नका. तुमी मासो वाडीत वाटलास, कोनाच्या तरी ताटात गेलो. पन तुमच्या आवशीन सांगला ता बरोबर. आमचो आजो पयलो पावस पडलो की संगमार जाळा लावी नसे. "चोणकीणी येतत," म्हणी. कित्याक ता आमका तेवा कळना नाय होता.

केळशीकरीण

देवबागच्या दादांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आता गावी असते. आजोबांना जे दिसत होतं त्याचं कारण सांगते.

रायगडात जिताडा, रत्नागिरीत खजुरी, सिंधुदुर्गात चोणक. नावं तीन, मासा एकच. हा मासा जन्मतः मादी नसतो. तीन-चार वर्षांचा होतो तेव्हा तो नर म्हणून वयात येतो, नर म्हणूनच अंडी फळवतो, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी, तीन फुटांच्या जवळ जाताना, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतली जवळजवळ प्रत्येक मोठी खजुरी मादी असते, आणि ती मादी व्हायला पाच-सात वर्षं जाळी, गऱ्या, मगरी, सगळ्यांतून वाचलेली असते. पावसाच्या तोंडावर या माद्या खाडीच्या मुखाशी उतरतात, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. एकेक मोठी मादी लाखो अंडी सोडते. पिल्लं भरतीबरोबर परत आत जातात, कांदळवनात, खाजणात, पावसाने भरलेल्या डबक्यांत वाढतात.

गोबऱ्याचं नेमकं उलट आहे. तो आधी मादी असतो आणि मोठा झाला की नर होतो. म्हणून एखाद्या खडपावरचे मोठे गोबरे एका हंगामात काढले, तर मागे राहिलेल्या माद्यांना नरच उरत नाही. खडपावर गरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं, कारण गोबरा घळ सोडून फारसा फिरत नाही आणि आपल्याला त्याची घळ पाठ असते.

आता नियमांकडे बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात, ते प्रजननासाठीच. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, म्हणजे त्याहून लहान मासा धरायचा नाही. दोन्ही चांगले निर्णय आहेत. पण किमान आकार पिल्लाला वाचवतो, आईला नाही. आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात त्याच दोन महिन्यांत आपण काठ्या घेऊन खाडीच्या तोंडावर उभे राहतो, कारण तेव्हा तिथे मोठा मासा हमखास लागतो. तो का लागतो याचा विचार आपण केलेला नसतो.

माशाला सोडण्याबद्दल देवबागच्या दादांशी मी अर्धी सहमत आहे. दमवून, वाळूवर लोळवून, जबड्याने उभा टांगून फोटो काढून सोडलेला मासा बहुतेकदा मरतो. जड मासा जबड्यावर टांगला की त्याच्या आतड्यांना आणि मणक्याला इजा होते. पण नीट सोडलेला जगतो. जाड तंगूस वापरा म्हणजे झुंज लवकर संपते. सर्कल हूक वापरा, म्हणजे टोक आत वळलेली गरी. ती घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसते, फक्त हिसका न देता नुसतं रीळ गुंडाळायचं. गरीची उलटी नांगी पकडीने दाबून टाका. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथे जखमा होतात. मासा पाण्यातच धरा, एक हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. शेपटी स्वतःहून मारेपर्यंत सोडू नका.

आणि एक विनंती, विषय सोडून आहे तरी करते. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर या पुळणींवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री मुडदुशीला बसणाऱ्यांनी डोक्यावरचा पांढरा दिवा समुद्राकडे लावू नये. उजेड दिसला की मादी अंडी न घालता परत फिरते.

रेवदंडा_धक्का

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. आमच्याकडे पेण-अलिबागच्या पट्ट्यात जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून गावतळ्यात आणि शेतातल्या तळ्यात सोडतात, दोन-तीन वर्षं वाढवतात. ती पिल्लं कुठून येतात याचा विचार तळ्याकाठी कोणी करत नाही. कुंडलिकेच्या तोंडावरची मादी गेली की तळंही रिकामं.

धक्क्यावर गरवणाऱ्यांसाठी दोन शब्द. लाँच किंवा होडी लागायची असेल तर आपण आधी गऱ्या वर घ्यायच्या. धक्का त्यांच्या पोटापाण्याचा आहे. तुटलेलं तंगूस तिथेच टाकू नका. मी एका सकाळी खांबाला अडकलेला बगळा सोडवला, पायात तंगूस हाडापर्यंत रुतलं होतं. तेव्हापासून पिशवीत एक रिकामी बाटली ठेवतो, स्वतःचं आणि सापडेल ते दुसऱ्याचं तंगूस त्यात.

कालवं

खडपाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. लिहावं की नाही असं खूप वेळ वाटत होतं.

माझा मावसभाऊ ऑक्टोबरमध्ये गेला. चार वर्षं झाली. आम्ही तिघे होतो. समुद्र शांत होता, वारा नव्हता, आभाळ स्वच्छ. आम्ही उभे होतो तो कातळ जवळजवळ पाऊण तास कोरडा होता. मग एकामागून एक तीन लाटा आल्या, पहिली घोट्याला, दुसरी कमरेला. तिसरीच्या वेळी तो उभा नव्हता. पायात गमबूट होते, ते भरले. दुसरा भाऊ उडी मारणार होता, मी त्याला धरून ठेवलं. त्याबद्दल घरात अजून कोणी काही बोलत नाही, पण मी धरलं नसतं तर दोघे गेले असते.

नंतर कळलं ते सांगतो. वारा नसताना येणाऱ्या या लाटा इथल्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटरवर वादळ होतं, त्याची फुगवटी काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचते. खोल पाण्यात ती दिसतही नाही, उथळ कातळावर आली की उभी राहते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून अशा लाटांचा इशारा जिल्हावार दिला जातो, फुकट मिळतो. त्या दिवशी इशारा होता की नाही, आम्ही बघितलंच नव्हतं.

आता मी जातो तेव्हा आधी वीस मिनिटं सामान न उघडता मागे बसतो आणि लाटा बघतो. कातळावर काळा ओला पट्टा कुठवर आहे, हिरवं शेवाळ कुठवर आहे, ते बघतो. शेवाळ आहे म्हणजे तिथे पाणी रोज येतं, मग ते या घटकेला कोरडं असलं तरी. गमबूट कधीच नाही. तळव्याला पकड असलेले बूट आणि अंगात लाइफ जॅकेट, उन्हाळ्यातसुद्धा. सोबत वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. कोणी पडलं तर कॅन फेकायचा, आपण उडी मारायची नाही. पडलेल्याने कातळाकडे पोहायचं नाही, लाट आपटते. बाहेर सरकून तरंगत राहायचं. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या कातळावर किती माणसं गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तरी काठी घेऊन उतरू नका.

मुचकुंदी

कालवं, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. दोर आणि कॅन आजच गाडीत ठेवला.

देवबागचो

कालवं दादा, तुमी भावाक धरून ठेवलास ता बरोबर केलास. दर्यावर जन्म काडलेलो माणूस तुमका ह्या सांगता.

केळशीच्या ताय, तुमी लिवलास ता मी आमच्या घरात वाचून दाखयला. आयेन इचारला, "म्हणजे बापूसच आवस होता?" मी म्हटलंय, "व्हय, तसाच." ती खूप वेळ गप्प रवली. मासो खेळवचो नाय ह्या माझा म्हणणा तसाच आसा. पन पावसाच्या तोंडार मोठी चोणक गरयेक लागली तर आता मी ती सोडतलंय.

एक रवला. थंडीत शिंगाळे लय लागतत. तेचे काटे तीन, पाठीर एक आनि दोनय बाजूक एकेक. नवीन पोरा हातान धरतत आनि मगे बोंबलत बसतत. काटो लागलो तर जखम धुवन सोसवता तेवड्या कडक पाण्यात हात बुडवन ठेवूचो, तासभर. आमची आजी तसाच करी. पाकटाचो काटो लागलो तरी ताच.

केळशीकरीण

आजीचा उपाय बरोबर आहे. ते विष उष्णतेने मोडतं. पाणी साधारण ४५ अंश, हात भाजेल इतकं नको, आणि पाणी किती गरम आहे ते न लागलेल्या हाताने तपासायचं, कारण बधिर हाताला कळत नाही. वेदना परत आली तर पुन्हा बुडवा. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, किंवा पाकटाचा काटा छाती-पोटात गेला असेल, तर तो उपसू नका, थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच.

मुचकुंदी

काल शुद्ध चतुर्थी होती. तंगूस यांच्या हिशोबाने तीनला भरती भरायची, पण पाणी अडीचलाच वळलं. बहुधा आमच्या तोंडावर अर्धा तास वजा करायचा. ती रेघ सापडली. किल्ल्याच्या बाजूने फेस एका ओळीत बाहेर निघाला होता, मी इतकी वर्षं त्याला नुसता कचरा समजत होतो.

पहिल्या तासात दोन करकरे, एक शिंगाळा. शिंगाळा पकडीने धरून सोडला. साडेचारला बोयट्यावर खजुरी आली. सर्कल हूक होतं म्हणून हिसका दिला नाही, हात मात्र आपोआप उठत होता. जबड्याच्या कोपऱ्यात बरोबर बसलेलं. दोन फुटांना कमी, दोन-सव्वादोन किलोची, म्हणजे अजून नर. ती ठेवली. आईने कापली, पोटात काही नव्हतं. डोकं आमटीत, बाकीचं तळलं, शेजारी दोन तुकडे दिले.

मी ठरवलंय ते लिहून ठेवतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत खाडीच्या तोंडावर गरी टाकणार नाही. इतर दिवसांत अडीच फुटांच्या वरची लागली तर पाण्यातच सोडणार. गावातली तीन मुलं माझ्याबरोबर येतात, त्यांना कारण सांगितलं. धाकट्याने विचारलं, "पण काका, मोठी मिळाली हे कोणाला कसं कळणार?" त्याला काठीवर अडीच फुटांपाशी लाल धागा गुंडाळून दिला. मासा पाण्यातच काठीशी लावायचा, धाग्याच्या पुढे गेला की तो मोठा.

तंगूस, दशमीला येताय का? सकाळी सातला भरती आहे.

तंगूस

येतो. पण दशमीला भांगाची भरती, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार असेल, पाण्याला ओढ राहणार नाही. खाडीच्या तोंडावर उभं राहण्यात अर्थ नाही. पुळणीवर मुडदुशीला बसू, बारीक गऱ्या आणि अर्धा किलो ताजी कोळंबी घेऊन ठेवा. मी साडेपाचला पोचतो. आणि तो लाल धागा मलाही बघायचाय.